पेनलिनच्या पहारी

मेव्हिस नॅनकिव्हेलच्या स्वयंपाकघरात तो माणूस न विचारता शिरला, तेव्हा तिचे दोन्ही हात पिठात होते. अर्धी चड्डी, डोक्यावर नवीकोरी टोपी, गळ्यात कॅमेरा. त्यानं आधी चुलीचा फोटो काढला, मग भिंतीवर टांगलेल्या पातेल्यांचा आणि मग पाठमोऱ्या मेव्हिसचा. त्याची बायको दारातून डोकावत होती.

"काय हुबेहूब केलंय बघ," तो बायकोला म्हणाला. "वाससुद्धा सोडलाय."

मेव्हिस वळली. "वास कांद्याचा आहे," ती म्हणाली. "आणि पाय पुसून आत यायची पद्धत तुमच्याकडे नाही वाटतं."

माणसाच्या हातातून कॅमेरा सुटला आणि पोटावर आपटला. त्याची बायको अंगणात दोन पावलं मागे गेली. मेव्हिस सत्तरी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं दणकट, आणि कपाळावर पीठ लागलेलं. भुताच्या गावात भूतच दिसलं असं त्यांना वाटलं असेल तर त्यात त्यांची काही चूक नव्हती.

"माफ करा," माणूस म्हणाला. "रस्त्यावर पाटी आहे ना, ऐतिहासिक ओसाड गाव. सगळी घरं बघायला उघडी आहेत असं पत्रकात लिहिलंय."

"उघडीच असतात. कुलूप लावायला इथे चोर कुठेयत? गेल्या आठवड्यापर्यंत तरी नव्हते. आता आलाच आहात तर बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय गेलाय. हां, ती."

पेनलिनमध्ये दुपारी दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवत नाहीत, मग तो कितीही बावळट असो. मेव्हिसनं दोघांपुढे गरम पेस्टी ठेवल्या. पिठाच्या जाड पारीत मांस, बटाटा, कांदा भरून कडा मुडपून भाजलेल्या, तिच्या पणजीनं इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आणल्या तशाच. आणि दोघं खात असताना त्यांनी विचारलं नसतानाही तिनं त्यांना गाव सांगितलं.

गाव सांगायला फार लागत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर सरकारनं एकदा एक रेघ आखली होती. या रेघेच्या वर पाऊस भरवशाचा नाही, गहू पेरू नका. मग लागोपाठ चांगली वर्षं आली, सरकारचीच मती फिरली आणि रेघेच्या वरच्या जमिनी लोकांना दिल्या. तांब्याची खाण बंद पडल्यावर रिकामे झालेले कॉर्नवॉलचे खाणकामगार आले, पाठोपाठ नांगर घेऊन जर्मन आले. दगडाची घरं बांधली, प्रार्थनाघर बांधलं, शाळा, बेकरी, हॉटेल, आणि खडकात कोरलेला पाण्याचा हौद, ज्याच्या पायऱ्या आजही भर उन्हाळ्यात गार लागतात. मग पावसाला ती रेघ आठवली. लोक निघाले, जाताना छपराचे पत्रे काढून घेऊन गेले. राहिल्या भिंती आणि धुराडी. त्या धुराड्यांच्या रांगेतून संध्याकाळी गुलाबी काकाकुवे ओरडत जातात ते बघायला लोक येतात, आणि खरंच ते बघण्यासारखं असतं. पण चार धुराड्यांमधून अजून धूर निघतो, हे त्या पत्रकात नव्हतं.

"मग त्यांनी ओसाड का लिहिलं?" बाईनं विचारलं.

आतल्या खोलीतून हसण्याचा आणि मग खोकल्याचा आवाज आला. "मेव्ह, मेळ्याची गोष्ट सांग त्यांना," आतून कोणी तरी म्हणालं. तो मेव्हिसचा थोरला भाऊ क्लेम. त्याची छाती आता धड चालत नव्हती, जीभ मात्र चालत होती.

मेळ्याची गोष्ट अशी. वसंतात तालुक्याच्या गावी शेतकी मेळा भरतो. मेंढे, लोकर, गाजरं, केक, सगळ्यांच्या स्पर्धा. त्या दिवशी या मुलखात घरी कोण राहतं? आजारी माणूससुद्धा गाडीच्या मागच्या सीटवर उशी घालून जातो. मेव्हिसच्या फळांच्या केकला बक्षीस ठरलेलं, शेजारच्या बर्नी नॉएमनचा मेंढा दरवर्षी दुसरा येणार आणि बर्नी परीक्षकाशी भांडणार हेही ठरलेलं. तर नेमक्या त्या दिवशी तालुक्याच्या कौन्सिलनं शहरातून नवा आणलेला, जुन्या वास्तू जपणारा वारसा अधिकारी, डॅरन हॉब्स, पेनलिनची पाहणी करायला आला. दारं सताड उघडी, चुली गार, कुत्रीसुद्धा गाड्यांच्या हौद्यात बसून मेळ्याला गेलेली. त्यानं चार हाका मारल्या, भरपूर फोटो काढले आणि लिहून टाकलं, वस्ती नाही.

"मेळ्याच्या दिवशी आला," क्लेम आतून म्हणाला. "एवढ्या मोठ्या वर्षात त्याला दुसरा दिवस मिळाला नाही."

पाहुण्यांना हसू आलं. मेव्हिसला येत नव्हतं. त्यांना वाटेला लावून ती भांडी आपटत बसली, कारण पाटीपेक्षा वाईट गोष्ट तिनं त्यांना सांगितलीच नव्हती.

ती गोष्ट हॉब्सनं स्वतः येऊन सांगितली होती. तसा मुलगा वाईट नव्हता. हसरा, इस्त्रीच्या शर्टातला, चहा दिला तर कप विसळून ठेवणारा. वस्ती आहे हे दिसल्यावर तो ओशाळलाही. पण अहवाल राजधानीत गेला होता, मंजूर झाला होता, मंत्रीणबाई पाटीचं उद्घाटन करायला यायच्या होत्या. आता मागे फिरायचं तर कौन्सिलचं हसं झालं असतं.

"तुमच्या राहण्याला कोणी हात लावणार नाही, मिस नॅनकिव्हेल," तो म्हणाला होता. "फक्त दफनभूमी बंद होईल. ती आता वारसा आहे. तिच्या कुंपणाच्या आतला एक खडासुद्धा इकडचा तिकडे करता येणार नाही. नवीन दफन अर्थातच नाही."

"आणि आम्ही मेल्यावर?"

"तालुक्याला हिरवळीची दफनभूमी आहे. फार छान ठेवलीय."

क्लेम तेव्हा व्हरांड्यात खुर्चीवर होता. "पाहिलीय मी," तो म्हणाला. "गुरुवारी गवत कापायचं यंत्र डोक्यावरून फिरवतात. बाळ, माझी आई त्या टेकाडावर आहे. बाप तिच्या डावीकडे. उजवीकडे माझी जागा आहे. पलीकडे मेव्हची. आई अंधाराला भ्यायची, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना घरचंच माणूस हवं हे लहानपणीच ठरलंय."

हॉब्सनं मान खाली घातली. "मी समजू शकतो," तो म्हणाला.

"नाही समजू शकत," मेव्हिस म्हणाली. "समजला असतास तर फाडला असतास तो अहवाल."

तो गेल्यावर क्लेमनं तिचा हात धरला. आयुष्यात त्यानं कधी असा हात धरला नव्हता, त्यामुळे ती घाबरलीच. "मला त्या हिरवळीत टाकू नकोस, मेव्ह," तो म्हणाला. "वचन दे."

"गप्प बस. मरायला झालंय काय तुला?"

"दे म्हणतो ना."

तिनं दिलं.

त्यानंतर ती कौन्सिलच्या दारात जाऊन बसली, सभेत उभी राहून बोलली, अध्यक्षांना नको नको ते ऐकवून आली. सगळे तिला खुर्ची देत, चहा देत आणि म्हणत, नोंद झालेली आहे. परत येताना ती एल्सी बार्न्सच्या घरी थांबली. हौदाच्या वरच्या अंगाला जो झरा आहे, त्याचं पाणी एल्सीच्या आजीची आदिवासी माणसं नांगरवाल्यांच्या कितीतरी आधीपासून पीत आली होती. एल्सी मेव्हिसच्याच वयाची. दोघी एका बाकावर शिकलेल्या आणि एकाच छडीचा मार खाल्लेल्या.

"माणसं समोर उभी आहेत आणि लिहितात वस्ती नाही," मेव्हिस धुमसत म्हणाली. "अशी नोंद कधी ऐकली होतीस तू?"

एल्सी खो खो हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. "अगं, या चार घरांचं असं लिहिलं तर एवढी पेटलीस? आमचा तर सगळा देशच रिकामा लिहिला होता. तुझे पणजोबा नांगर घेऊन आले ना, त्यांच्या हातातल्या कागदावर हेच होतं, वस्ती नाही."

एवढी वर्षं शेजारी राहून हे मेव्हिसनं कधी अशा बाजूनं पाहिलं नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटली. "मग तुम्ही काय केलंत?" तिनं विचारलं.

"आम्ही गेलो नाही," एल्सी म्हणाली. "दुसरं काय करणार. तू चहा घेतेस का अजून धुमसायचंय?"

उन्हाळा सरला. उद्घाटनाचा शनिवार ठरला, रस्त्यावरच्या पाटीवर निळं रेशमी कापड चढलं, आणि त्या आठवड्याच्या मधोमध क्लेम गेला. सकाळी चहा नेला तर तो खिडकीकडे तोंड करून निजलेला होता, आणि काकाकुवे ओरडत होते, आणि तो उठून त्यांना शिव्या देत नव्हता. मेव्हिस खाटेच्या कडेवर बसली आणि तो चहा तिनंच पिऊन टाकला. मग रडली. मग उठून बर्नीला फोन लावला.

"क्लेम गेला," ती म्हणाली. "शनिवारी पुरायचा. टेकाडावर."

"शनिवारी तर मंत्रीणबाई येणार."

"म्हणूनच शनिवारी."

"पहारी?"

"सगळ्यांना सांग."

पेनलिनची माती वरून लाल आणि भुसभुशीत, पण हातभर खाली गेलं की खडक. कुदळीला तो दाद देत नाही, आणि यंत्र आणलं तर शेजारच्या जुन्या थडग्यांच्या भिंती ढासळतात. म्हणून खाणवाल्यांच्या वेळेपासून इथे कबर पहारीनं खणतात आणि ती भाड्याच्या माणसाकडून खणून घेत नाहीत. गावातल्या प्रत्येक घराची पहार त्या खड्ड्यात लागली पाहिजे. घर पडलं तरी पहार राहते. लोक छपराचे पत्रे घेऊन गेले तेव्हा पहारही घेऊन गेले, आणि ती शहरातल्या गॅरेजात कोपऱ्यात उभी असली तरी ती कुठल्या घराची हे त्या घरातल्या पोरांना सांगून ठेवलेलं असतं.

बर्नीनं केलेल्या फोनांची बातमी संध्याकाळपर्यंत हॉब्सच्या कानावर गेली. तो धावतच आला.

"मिस नॅनकिव्हेल, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. पण हे करू नका. बेकायदा आहे हे. दंड होईल, नोटीस निघेल."

मेव्हिस क्लेमच्या चांगल्या कोटाला ब्रश करत होती. तिनं मान वर केली नाही. "काढ की नोटीस. पण ओसाड गावातल्या बाईला ती कुठल्या पत्त्यावर पाठवशील तेवढं मला सांग."

हॉब्सनं पुढे होऊन कोटाची बाही ताणून धरली.

"आणि दंड कोणाच्या नावानं करशील?" ती म्हणाली. "तुझ्या अहवालात मी नाही. क्लेम नाही. जो राहतच नव्हता तो मेला कसा, आणि जो मेला नाही त्याला आम्ही पुरणार कसे? तू निवांत जा. तुझ्या हिशेबानं शनिवारी इथे काहीच घडणार नाही."

"मला तुमच्या विरोधात जायचं नाहीये," तो कळवळून म्हणाला.

"मग नको जाऊस. दार ओढून घे, माश्या येतात."

शनिवारी सकाळी मेव्हिस टेकाडावर गेली तेव्हा एल्सी आधीच तिथे होती. हातात पहार, डोक्याला रुमाल.

"पहिला घाव माझा," एल्सी म्हणाली. "इथे सगळ्यांत जुनी मी."

आजवर पहिला घाव नॅनकिव्हेलांचा असे. मेव्हिसनं बाजूला होऊन तिला जागा दिली. एल्सीनं आईच्या थडग्याच्या उजवीकडे पहार हाणली. "झऱ्यावरचं घर," ती मोठ्यानं म्हणाली. मग मेव्हिसनं घाव घातला. "नॅनकिव्हेलांचं घर." मग बर्नीनं. गावातल्या चारही घरांच्या पहारी लागल्या, आणि मग सगळे रस्त्याकडे बघत उभे राहिले. रस्ता रिकामा होता. चार पहारींनी हा खडक संध्याकाळपर्यंत फुटत नाही हे मेव्हिसला माहीत होतं. लोक गेले ते गेले, कौन्सिल म्हणते ते खरंच असेल, असं त्या क्षणी तिला वाटून गेलं.

मग खालच्या वळणावर धूळ उठली.

पहिली आली ती शवगाडीच. तालुक्याचा अंत्यसंस्कार करणारा पॅस्को, काळ्या सुटात. त्यानं क्लेमची पेटी उतरवून घेतली, कोट काढून गाडीत ठेवला आणि मागून पहार काढली. "बेकरी," तो म्हणाला आणि खडकावर घाव घातला. त्याच्या मागून धूळ काही थांबेना. मालवाहू गाड्या, मोटारी, एक शाळेची बस. कुठून कुठून आलेले लोक, कोणी लोकर कापायच्या कपड्यांत, कोणी बँकेच्या. एक मुलगी तर कानात नाकात रिंगा घातलेली, केस जांभळे, आणि पहार तिच्याहून उंच. "हॉटेल," ती म्हणाली. तिच्या घावानं ठिणगी उडाली तेव्हा म्हातारे खूश झाले. "शाळामास्तरांचं घर." "लोहार." "प्रार्थनाघरामागचे दोन धुराड्यांचे." प्रत्येकजण आपल्या घराचं नाव घेई आणि पहार मारी, आणि खाली उतारावर ज्या भिंतींचे फोटो काढायला लोक येत, त्या एकेक करून कोणाच्या तरी होत गेल्या. मेव्हिस बाजूला उभी राहून उघड उघड रडत होती आणि डोळे पुसायचीही तिला गरज वाटत नव्हती.

मंत्रीणबाईंची काळी गाडी आली तेव्हा रस्ता दोन्ही बाजूंनी भरला होता. गाडीपुढे हॉब्स अडखळत चालत होता. निळ्या कापडातल्या पाटीभोवती मांडलेल्या खुर्च्यांवर कोणी नव्हतं. वर टेकाडावर शेकडो माणसं हातात पहारी घेऊन उभी होती आणि सगळी गाडीकडे बघत होती.

"यांचा मोर्चा आहे का?" मंत्रीणबाईंनी विचारलं.

"मयत आहे, बाई," पॅस्को वरून म्हणाला. "टोपी काढायची असते."

मंत्रीणबाई शेतकऱ्याची मुलगी असाव्यात. त्यांनी टोपी काढली, गाडी बंद करायला सांगितली आणि त्या धुळीत उभ्या राहिल्या. क्लेमची पेटी खाली सोडली, प्रार्थना झाली, बर्नी बेसूर गायला. सगळं संपेपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी हॉब्सकडे पाहिलं. "इथे वस्ती नाही असं तुम्ही मला सांगितलं होतंत ना?" त्या अगदी शांतपणे म्हणाल्या.

हॉब्सचे कान लाल झाले. तो मेव्हिसजवळ आला. "मी... एक पहार मलाही मारू द्याल? निदान माती तरी लोटू द्याल?"

"नाही," मेव्हिस म्हणाली. "तुझं घर नाही इथे. तू खाली गावाच्या सभागृहात जा, कपबशा मांड. चहा पुरला पाहिजे सगळ्यांना."

त्यानं मांडल्या. टेबलं कमी पडली तेव्हा कोणी तरी पाटीवरचं निळं रेशमी कापड काढून आणलं आणि फळ्यांवर अंथरून त्यावर पेस्टी ठेवल्या. मंत्रीणबाईंनी दोन खाल्ल्या, आणि भाषण न करताच गेल्या.

पुढचा महिनाभर कौन्सिलकडून काही शब्द आला नाही. वस्तीची नोंद दुरुस्त होतेय असं ऐकू येत होतं, दफनभूमीचं बघू म्हणत होते. मग एका दुपारी हॉब्स आला. या वेळी त्यानं पाय पुसले.

"मिस नॅनकिव्हेल, एक विचारायचं होतं. रस्त्यावरची पाटी कुठे गेली? नुसते खांब उभे आहेत. सरकारी मालमत्ता आहे ती."

"मला काय माहीत," मेव्हिस म्हणाली. "तरी टेकाडावर बघून ये. मीही येते, गुडघे मोकळे होतील."

टेकाडावर माती अजून बसली नव्हती. दगड बसवायला वर्षभर थांबावं लागतं, तोवर डोक्याशी काही तरी खूण ठेवतात. क्लेमच्या डोक्याशी एक पत्र्याची पाटी भक्कम रोवलेली होती. मेव्हिसनं आपल्या हातानं पांढऱ्या रंगानं त्यावर लिहिलं होतं: क्लेम नॅनकिव्हेल, राहणार पेनलिन. हॉब्स वळसा घालून मागे गेला. मागच्या बाजूला तपकिरी रंगावर कौन्सिलची मोठी, सुबक अक्षरं, ऐतिहासिक ओसाड गाव, थडग्यांकडे पाठ करून उभी होती.

"ही काढावी लागेल मला," तो म्हणाला. पण त्यानं हात पुढे केला नाही.

"काढ की," मेव्हिस म्हणाली. "मी म्हातारी बाई, मी काय अडवणार? फक्त कुंपणाच्या आत उभा आहेस एवढं बघ. इथला खडासुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही असं कोणी तरी आम्हाला सांगून गेलंय."

हॉब्स पाटीकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं आणि ते त्यानं दाबलं नाही.

मेव्हिसनं वाकून क्लेमच्या पलीकडचं, स्वतःच्या जागेवरचं वाळलेलं झुडूप उपटलं आणि कुंपणाबाहेर भिरकावलं. "चल खाली," ती म्हणाली. "पेस्टी भट्टीत आहेत."